काचा आणि इतर कामे

शिडीच्या वरून चौथ्या पायरीवर उभं राहून त्याने साबणाचा स्पंज काचेला लावला, आणि आतून पडदा ओढला गेला. कड्या दांडीवरून खरखरत गेल्या तो आवाजही त्याला ऐकू आला. आधी एक सुरकुतलेला हात दिसला, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं. मग नुसतं करडं कापड. तो तसाच थांबला. स्पंजमधलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, बाहीत शिरलं, काखेपर्यंत गार ओघ गेला, तरी तो थांबलेलाच. अठरा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तो या खिडकीशी येत होता, आणि इथला पडदा त्याच्या तोंडावर कधी कोणी ओढला नव्हता. लोक ओढतात, त्यात नवल नाही. कोणी नुकतंच अंघोळीहून आलेलं असतं, कोणी भांडत असतं, कोणाला काचेबाहेर तरंगणारं माणसाचं डोकं बघून धसकाच बसतो. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण या घरातल्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, आख्खी इमारत त्यांना नुसतं बाई म्हणायची, त्या तो आला की पुस्तकातून डोळे न काढता डावा हात जरासा वर करायच्या. तो वायपरच्या दांड्याने चौकटीवर दोनदा टकटक करायचा. एवढंच त्यांचं बोलणं, आणि ते त्याला महिनाभर पुरायचं. आता पडद्यामुळे काचेचा आरसा झाला होता आणि त्यात पन्नाशी ओलांडलेला, हनुवटीला फेस लागलेला एक माणूस कोणाच्या तरी घरात डोकावत होता. त्याने तो माणूस पुसला. हातांना सवय होती. त्यांनी वरून खाली, डावीकडून उजवीकडे आपलं काम केलं, आणि कोपऱ्यातलं पाणी बोटाने टिपतानाही त्याचं डोकं त्या कड्यांच्या आवाजातच अडकून राहिलं.

शिडी उचलून तो मागच्या बाजूला गेला. तिथलाही पडदा लावलेला. हे मात्र त्याला खटकलं. कारण मागच्या खोलीला पडदा असा नव्हताच. तो आज नवा आणून लावला होता, त्याच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. त्या खोलीत बाईंची बहीण होती. सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी तो वर चढला तर रिकाम्या खोलीत लोखंडी पलंग आलेला, पलंगाला कठडा, आणि उशीवर एक बारीकसा चेहरा, अर्धा जागेवर आणि अर्धा खाली सांडलेला. तेवढ्यात बाई वाटी-चमचा घेऊन आत आल्या आणि त्याला बघून जागच्या जागी थिजल्या. ही इमारत एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी होती. करारात स्पष्ट लिहिलेलं, एका घरात एकच माणूस, दुसरं आढळलं तर घर खाली. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. त्याला काही सुचलं नाही तेव्हा त्याने भराभरा सगळ्या काचेला साबण फासला. पांढरा दाट फेस, इकडचं तिकडे दिसणार नाही असा. आणि फेसाआड तो उगाचच वेळ काढत राहिला. शेवटी पुसला तेव्हा बाई खिडकीपाशी आल्या होत्या. त्यांनी कडी काढली. म्हणाल्या, "ही माझी धाकटी बहीण. हिला इथे राहायची परवानगी नाही."

"बाई, मला काचेच्या पलीकडचं काही दिसत नाही," तो म्हणाला होता.

"दिसतं. पण तुम्ही बोलणार नाही." हा प्रश्न नव्हता. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला उभं करून त्याच्या हातात किल्ल्या द्याव्यात तसं त्या बोलल्या होत्या. मग जरा थांबून, "ही काच थोडी जास्त घासून पुसत जा. तिला दिवसभर तेवढंच आहे."

त्या दिवसापासून तो ती काच जास्त घासून पुसत आला होता. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा मंगळवार चुकला नव्हता. आता तो शिडीच्या मध्यावर उभा होता आणि त्याला वाटलं, गेली असेल बहीण. मयत झाली असेल. म्हणून पडदे. या विचाराने त्याला वाईट वाटायच्या आधी, पडदे आपल्यासाठी नाहीत म्हणून, हायसंच वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज घेऊन तो खाली उतरला, जिना चढून गेला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या घराच्या दारावर त्याने बोटांनी ठोठावलं.

दार साखळीएवढंच उघडलं. बाईंचा अर्धा चेहरा. "काय हवंय?"

"काही नाही बाई. पडदे बघितले. म्हटलं, ताई बऱ्या आहेत ना?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मुलाने खोटं बोलताना किती धिटाई करावी याचा अंदाज घ्यावा तसं. मग दार तसंच ठेवून आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. "वाचा."

"चष्मा खाली गाडीत आहे."

"मग मी वाचते." आणि साखळीच्या फटीतून, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा काढत त्यांनी वाचलं. "मागील खोली. एकूण राहणाऱ्या व्यक्ती दोन. लोखंडी पलंग, एका बाजूस कठडा. अंथरुणाला खिळलेली स्त्री, वय अंदाजे साठ, डावे अंग लुळे. सकाळी साडेअकराच्या सुमारास मोठी बहीण चमच्याने भरवते. रुग्ण स्त्री पाखराच्या पिलासारखे तोंड उघडते." बाईंनी कागद खाली केला. "बाकीचं कोणीही लिहिलं असतं. हे पाखराचं पिल्लू कोणाचं?"

त्याचंच होतं. ते शब्द त्याने कधी उच्चारले, कोणत्या खुर्चीत बसून, समोर ताटात काय उरलं होतं, सगळं त्याला दिसलं.

"मालकांच्या कचेरीतून नोटिशीबरोबर आलाय. महिन्याची मुदत दिलीय. खाली सही आहे, तुमचीच ना?" बाईंनी कागद फटीतून पुढे धरला. चष्म्याशिवायही ती वळणदार शेपूट त्याला ओळखू आली. "मी हिला तुमच्याबद्दल काय काय सांगायचे," बाई म्हणाल्या, आणि मध्येच थांबल्या. "जाऊ दे." दार लागलं. ते आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

खाली येऊन त्याने शिडी गाडीच्या टपावर बांधली. अजून सहा घरं बाकी होती. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. बादलीतलं पाणी मागे डुचमळून डुचमळून शांत झालं. धाकटा, त्याच्या मनात आलं, आणि मग ते वाक्य पुढे जाईना. धाकटा भाऊ त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा हा सव्वीसचा आणि तो तेरा वर्षांचा. एक शिडी आणि दोन बादल्यांवर त्याने त्याला शिकवला, वाढवला. अठरा वर्षांचा झाल्यावर एकदा हौसेने शिडीवर चढवला, तर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर पोरगं शिडीला मिठी मारून गोठलं. खाली उतरवायला अर्धा तास लागला. उतरल्यावर भडभडून ओकला. तेव्हा याने त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, अरे रडतोस काय, तू खाली राहा, खालीही कामं असतात. आणि धाकटा खाली राहिला. फोन घ्यायचा, वेळा ठरवायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. पंधरा वर्षं धंदा म्हणजे नुसत्या काचा होत्या. मग एक दिवस धाकटा म्हणाला, दादा, नाहीतरी तू शिडी लावतोसच, तर पन्हाळीतला पालापाचोळाही काढून दे. काढला. मग गालिचे आले, सोफे आले, पाण्याच्या टाक्या आल्या, सज्जावर कबुतरांसाठी जाळ्या लावणं आलं. मालक गावाला गेले की झाडांना पाणी घालणं आणि घरावर नजर ठेवणं आलं. धंद्याचं चार ओळींचं कार्ड होतं त्याची यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबत गेली, आणि सर्वांत वर जाड अक्षरात काचा होत्या त्या हळूहळू खाली सरकल्या. त्याला कुरकुर करायला जागा नव्हती. चार माणसं कामाला लागली, गाडी आली, वरचा मजला बांधून झाला. अडाण्यासारखं तो एवढंच म्हणायचा, मी आपला काचवाला. धाकटा हसायचा. दादा, नुसत्या काचेवर आता कोण जगतं?

बाईंची इमारत आधीपासून होतीच, पण दोन वर्षांपूर्वी तिच्या मालकाच्या अकराही इमारती एकदम त्यांच्याकडे आल्या. त्या दिवशी धाकट्याने त्याला खांद्याला धरून घरभर नाचवलं होतं. कशा मिळाल्या, हे याने विचारलं नव्हतं. धाकट्याच्या तोंडाला साखर असते, मिळाल्या असतील. आणि कामाची पत्रकं वाढली म्हणून आठवड्यातून एकदा धाकटा गठ्ठाच पुढे ठेवायचा, दादा, इथे इथे सही कर. तो करायचा. चष्मा शोधायचा कंटाळा, आणि भावाने पुढे केलेला कागद वाचायचा म्हणजे भावाला काय वाटेल.

पण सही राहू दे. सही हाताने होते. ते पाखराचं पिल्लू. बायको गेल्यावर त्याच्या खोलीत संध्याकाळी काहीच आवाज नसायचा. दिवसभर तो दीड-दोनशे काचांपलीकडची माणसं बघायचा आणि एकाशीही बोलायचा नाही. पूर्वी ते सगळं घरी येऊन बायकोपुढे ओतायचा. ती ऐकत ऐकत काहीतरी शिवत असायची, मध्येच म्हणायची, अहो, लोकांच्या घरात किती बघता. ती गेल्यावर ते साचून राहिलं. पोटातलं ओठावर यायचं आणि तिथेच वाळायचं. तो खाली धाकट्याकडे जेवायला लागला, आणि एके दिवशी जेवताना धाकट्याने मान वर करून विचारलं, "दादा, आज काय काय दिसलं?" एवढंच. तो सांगत सुटला. एक म्हातारा रोज दोन माणसांची पानं मांडतो पण जेवतो एकटाच, ते सांगितलं. एका बाईने छतातून गळणाऱ्या पाण्याखाली ओळीने भांडी ठेवलीत आणि त्या आवाजावर तिचं मूल झोपतं, ते सांगितलं. धाकटा ऐकायचा. भात गार व्हायचा तरी ऐकायचा. "कितव्या मजल्यावर रे?" "मूल केवढं असेल?" त्याला वाटायचं, याला चित्र पूर्ण हवंय. बाईंचं तो बरेच दिवस बोलला नव्हता. मग एका संध्याकाळी, बायकोच्या यंदाच्या श्राद्धाला, मन हलकं व्हावं म्हणून, बायकोला शेवटी शेवटी भरवायचो त्यावरून आठवलं म्हणून, तेही सांगून टाकलं. भावालाच सांगितलं. भाऊ म्हणजे काही परका माणूस नव्हे.

घरी पोचला तेव्हा धाकटा पुढच्या खोलीतल्या टेबलाशी फोनवर बोलत होता. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसलेली. याला अवेळी बघून धाकट्याने फोन ठेवला. "काय रे, पडलास की काय?"

"बाईंच्या घराचं कचेरीला कोणी कळवलं?"

धाकट्याचा चेहरा बदलला नाही. त्याला हेच विलक्षण वाटलं. इतक्या वर्षांचा ओळखीचा चेहरा, आणि त्यात काही हललं नाही. "कोणत्या बाई? दादा, बस आधी. पाणी घे."

"पाखराच्या पिलासारखं तोंड उघडते. हे मी तुला सांगितलं होतं. तुला."

मग धाकटा खुर्चीत मागे टेकला. "हे बघ. मालकाला आपली इमारत कशी आहे ते माहीत हवं असतं. गळतंय कुठे, ओल कुठे, राहतंय कोण. त्यांची माणसं गेली तर लोक दार उघडत नाहीत. आपण तर जातोच. म्हणून ते काम आपल्याला जोडून दिलं. घरांची पाहणी. यात चोरी काय आहे? मी कोणाच्या घरात शिरलो का? जे आहे ते लिहिलं."

"जे मी सांगितलं ते लिहिलंस."

"खोटं होतं का ते?"

खोटं असतं तर किती बरं झालं असतं असं त्याच्या मनात आलं आणि तो विचार कुठेतरी अडकून राहिला. धाकट्याचा आवाज आता चढला होता, कारण त्यालाही कुठेतरी टोचलं असावं. "त्या एका कामावर अकरा इमारती मिळाल्यात, दादा. तू पन्नाशीच्या पुढे गेलास. उद्या शिडीवरून पाय निसटला तर? तुला खाली आणावं म्हणून मी जिवाचं रान करतोय, आणि तू माझ्यावरच उलटतोस! तू मला म्हणाला होतास ना, खाली राहा? राहिलो. खालून जे करता येतं ते केलं."

"तू ऐकायचास," तो म्हणाला. बाकीचं त्याने ऐकलंच नव्हतं. "रोज विचारायचास, आज काय दिसलं. ते त्यासाठी?"

टेबलावरची पेन्सिल धाकट्याने उचलली, ठेवली. "आधी नव्हतं तसं," तो हळू म्हणाला. "आधी खरंच विचारायचो."

"कधीपासून?"

"आता ते काय सांगू? असं काही तारीख-वार लिहून ठेवतं का कोणी?"

स्वयंपाकघराच्या दारातून धाकट्याची बायको म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बोलायला लागलात की मी भांडी घासायला उठायचे ना? ऐकायला नको म्हणून उठायचे." तिने मान वर केली नाही. "यांना सांगून बघितलं मी. दोनदा." आणि तो तर समजत होता की आपलं बोलणं तिला कंटाळवाणं वाटतं. तिच्या नळाच्या धारेचा त्याला रागही आला होता एकदा.

त्या रात्री तो जेवायला खाली गेला नाही. आपल्या खोलीत पलंगावर पडून तो एकेक संध्याकाळ काढून बघत राहिला, तांदळातले खडे निवडावेत तशी. कोणती खरी, कोणती कामाची. भांडी ठेवणाऱ्या बाईचं मूल केवढं, हे विचारलं तेव्हा धाकटा पुढे वाकला होता, ते कशासाठी? एकटा जेवणाऱ्या म्हाताऱ्याचं ऐकून त्याने डोळे पुसले होते. ते तर खरं असेल? की मिरची लागली असेल? एकदा याला सर्दी झाली होती, आवाज बसला होता, तरी धाकट्याने अर्धा तास खोदून खोदून विचारलं, आणि वर आलं घालून चहाही दिला. चहा खरा की प्रश्न खरे? केसाने गळा कापतात म्हणतात ते त्याने आयुष्यभर ऐकलं होतं. पण कापणाऱ्याने आधी तो केस प्रेमाने विंचरावा, हे त्याला नवीन होतं. उलट बाजूने बघावं तर भावाने त्याचं काहीच घेतलं नव्हतं. जे त्याने आपण होऊन ताटात वाढलं ते उचललं. आणि बाईंनी ज्याला सांगितलं होतं तो धाकटा नव्हता. ज्याला सांगितलं होतं तो हाच, इथे छताकडे बघत पडलेला. असा विचार आला की तो कुशीवर वळायचा, आणि कुशीवर वळलं की पुन्हा पहिली संध्याकाळ यायची, धाकट्याने मान वर करून विचारलेली. तिला मात्र तो हात लावू धजत नव्हता. ती खरी असायला हवी होती. चार वर्षं तो तिच्यावर जगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून तो मालकाच्या कचेरीत गेला. तिथला साहेब चष्म्याची तुटलेली काडी चिकटपट्टीने जोडत होता. त्याच्यासमोर बसावं की उभं राहावं हे न कळून तो उभाच राहिला. रस्त्यात त्याने वाक्यं जुळवली होती. आयुष्यात तो नाइलाजाने दोन-चारदा खोटं बोलला असेल, पण अशी तयारी करून, अंघोळ करून खोटं बोलायला तो पहिल्यांदाच निघाला होता.

"साहेब, त्या बाईंच्या घराचं जे लिहून आलंय ते खोटं आहे. मागच्या खोलीत कोणी नाही. मी मनचं सांगितलं."

साहेबाने काडी दाबून धरली. "मनचं म्हणजे?"

"मला सवय आहे तशी. एकटा असतो. काहीबाही रचून सांगतो घरी. भावाला वाटलं खरं. लिहून देतो हवं तर."

"म्हणजे बाकीच्या एकतीस घरांचंही खोटं?"

एकतीस हा आकडा त्याला कळायला वेळ लागला. साहेबाने कपाटातून फाईल काढून पुढे सरकवली. आज चष्मा खिशात होता. त्याने उभ्या उभ्या पानं उलटली. दोन माणसांची पानं मांडणारा म्हातारा तिथे होता; त्याच्यापुढे लिहिलेलं, दुसरी व्यक्ती चोरून राहत असल्याची शक्यता, तपास करावा. ओळीने भांडी ठेवलेली होती. छतदुरुस्ती न केल्यास, मूल लहान असल्याने घर सोडण्यास तयार होतील. स्वयंपाकघरात नाचणारं जोडपं, त्याचं आवडतं जोडपं, ज्याच्यासाठी तो मुद्दाम हळू पुसायचा, ते होतं, फरशी कमकुवत, वरच्या मजल्यावर कंपने. त्याच्या चार वर्षांच्या संध्याकाळी होत्या त्या, एकेक करून, नीट टाचण्या लावून. प्रत्येक पानाखाली त्याची शेपटाची सही.

"सगळं खोटं आहे," तो म्हणाला. "एकूणएक. मी खोटारडा माणूस आहे, साहेब. कोणालाही विचारा."

साहेबाने चष्मा घालून त्याच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. त्याला बहुधा दया आली. "काका, बसा. तुमचं म्हणणं मी लिहून घेतो, बाकीच्यांचं बघू काय करता येतं ते. पण बाईंचं प्रकरण संपलं. परवाच त्यांनी स्वतः लेखी कबुली दिलीय. बहीण सहा वर्षं आहे, नियम मोडला, चूक माझी, असं सुवाच्य अक्षरात." तो जरा हसला. "आमच्या नोटिशीतलं शुद्धलेखनही दुरुस्त करून पाठवलंय."

तो बसला. साहेबाने त्याचा जबाब लिहून घेतला आणि त्याने तो वाचून, पहिल्यांदाच पूर्ण वाचून, सही केली. मी कल्पनेने गोष्टी सांगतो व त्या विश्वासार्ह नाहीत. त्या कागदाने अकरा इमारतींचं काम आठवडाभरात गेलं. धाकटा वरच्या मजल्यावर आला, दारात उभा राहिला, म्हणाला, "घर बुडवलंस, दादा," आणि रडला. तो खरंच रडत होता, आणि याने ते बघितलं, आणि त्याला आपला हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवावासा वाटला, आणि हात उचलला नाही. हात मांडीवरच राहिला, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा. त्याच महिन्यात त्याने जेवणाचं वेगळं केलं.

बाईंनी घर सोडलं तो दिवस त्याला इमारतीच्या रखवालदाराकडून कळला. तो गेला ते लांबून बघायला. पण खाली सामानाची गाडी आणि मागे एक छोटी गाडी उभी होती, आणि हमाल हात झाडत जिन्यात उभे होते. "माणूस उचलायचं आमच्या कामात येत नाही, बाई," मुकादम सांगत होता. "कपाट सांगा, पलंग सांगा. माणूस पडलं बिडलं तर कोण निस्तरणार?" बाई वरच्या वळणावर उभ्या होत्या. दोन मजले, अरुंद जिना, लिफ्ट नाही. त्यांनी याला पाहिलं. मग एक पाऊल बाजूला झाल्या, दारातून माणूस जाईल एवढं.

घर रिकामं झालं होतं. आतून बघितल्यावर खोली केवढीशी होती. बाहेरून त्याला ती नेहमी मोठी वाटायची. बहीण गादीवर बसवलेली, पाठीला उशी. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिरक्या तोंडाने विचारलं, "हा कोण गं?" सहा वर्षं महिन्यातून एकदा तिच्या उशाशी उभं राहिलेल्या माणसाला, शिडीवरून उतरवल्यावर, ती ओळखेना.

"खाली न्यायला आलेत," बाई म्हणाल्या.

त्याने तिला पाठीवर घेतलं. बाईंनी चादरीने तिला त्याच्या कमरेशी बांधलं, गाठ मारताना त्यांची बोटं त्याच्या पोटाला लागली आणि लगेच दूर झाली. बहिणीचं वजन भरलेल्या बादलीपेक्षा फार जास्त नव्हतं. जिन्यात तो एकेक पायरी पायाने चाचपत उतरला, भिंतीला खांदा घासत. तिचा श्वास त्याच्या कानामागे लागत होता, औषधाचा आणि दुधाचा वास. पहिल्या वळणावर ती हसली. दुसऱ्या वळणावर म्हणाली, "पाडू नका हं." तो म्हणाला, "नाही पाडणार." एवढं बोलतानाच त्याचे डोळे भरून आले आणि पुढची पायरी दिसेना, म्हणून तो क्षणभर थांबला. बाई मागून म्हणाल्या, "काय झालं?" "काही नाही." मग उतरला.

छोट्या गाडीत त्याने तिला नीट बसवलं, पाय उचलून आत घेतले, उशी मानेखाली सारली. वळला तर बाई पाकीट उघडून उभ्या होत्या. "किती द्यायचे?"

"बाई, काय हे?"

"काम केलंत. माझ्यावर उपकार नकोत." त्यांचा आवाज कठोर नव्हता. थकलेला होता फक्त. "सांगा."

त्याच्या मनात आलं, नाही म्हणालो तर तेही एक मागणंच झालं. या क्षणी यांच्याकडे मागायचा हक्क आपल्याला नाही. तेव्हा त्याने एका घराच्या काचांचा जो दर असतो तो सांगितला. बाईंनी तेवढे मोजून दिले. त्याने घेतले, घडी घालून वरच्या खिशात ठेवले. बाई बहिणीशेजारी बसल्या, दार ओढून घेतलं. खिडकी उघडीच होती. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहत मोठ्याने विचारलं, "हं, बाई, जायचं कुठे?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या समोर बघत ओठ मिटून बसल्या. ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. तेव्हा कुठे याच्या लक्षात आलं की त्या कशासाठी थांबल्यात, आणि तो पाठ फिरवून चालू लागला. कोपरा बराच लांब होता. मागे गाडीचं इंजिन नुसतं घरघरत होतं, हलत नव्हतं. तो झपाझप चालला, मग जवळजवळ पळालाच, पत्ता ऐकू येणार नाही इतक्या लांब जाईपर्यंत.